सोंगट्यांचा पट आणि अपुरी राहिलेली भाषा

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातले गिरड हे गाव शेख फरीदबाबांच्या टेकडीमुळे ओळखले जाते. टेकडीच्या आसपास सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल त्यांच्या वाणीने दगड झाला, अशी आख्यायिका आहे. भूशास्त्राच्या हिशेबाने मात्र त्या खडकात तयार झालेल्या खनिजांच्या गाठी. दर्शनाला येणारा माणूस दोन्ही गोष्टी ऐकून घेतो आणि एखादा दगड हातात घेऊन पाहतोच.

गेल्या उन्हाळ्यात तिथे एका परिचितांच्या घरी मुक्काम होता. दुपारच्या वेळी ओसरीवर खडूने अष्टचंगाचा पट आखला होता. पाच आडवी आणि पाच उभी घरे, चार बाजूंना चार खेळाडू, सोंगट्या म्हणून खडे आणि बांगडीचे तुकडे, आणि फासे म्हणून मधोमध फोडलेले चार चिंचोके. घरातली आजी, शेजारची एक बाई आणि दोन नातवंडे असा डाव रंगला होता. थोरला नातू मात्र डावात नव्हता. तो नागपूरला अभियांत्रिकी शिकतो. हाच खेळ फोनवर आणायचा, म्हणजे आजीने गिरडहून, आत्याने पुण्याहून आणि मामाने हैदराबादहून एकाच पटावर खेळायचे, असे त्याच्या मनात होते. त्याने एक वही दाखवली. वहीत साधनांची यादी होती : युनिटी की गोडो, जावास्क्रिप्ट की पायथन, कोणता सर्व्हर, कोणता डेटाबेस. प्रत्येकापुढे गुण, दोष, बाणाच्या खुणा आणि पुन्हा खोडाखोड. दोन महिने हे चालले होते. खेळाचा एकही नियम मात्र वहीत उतरला नव्हता. संगणकावर अधूनमधून लिहिणारा माणूस म्हणून त्याने मला विचारले, यातले काय निवडू?

त्या वेळी मला धड उत्तर देता आले नाही. परतीच्या वाटेवर एका इंग्रज माणसाचे आयुष्य आठवत राहिले. संगणकावर पटाचा खेळ आणायची धडपड त्याने सत्तर वर्षांहून अधिक काळापूर्वी केली, त्यासाठी लागणाऱ्या साधनांपायी उरलेले आयुष्य वेचले, आणि त्याची सर्वांत मोठी भाषा अपुरीच राहिली. त्याचे नाव ख्रिस्तोफर स्ट्रेची.

स्ट्रेची हे आडनाव महाराष्ट्राला अगदीच परके नाही. १८०१ साली कंपनी सरकारचे दोन तरुण अधिकारी कलकत्त्याहून पुण्याच्या रेसिडेन्सीत नेमणुकीवर निघाले. एक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जे पुढे नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी, नंतर पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट झाले आणि शेवटी मुंबईचे गव्हर्नर झाले. दुसरे एडवर्ड स्ट्रेची. दुसऱ्या बाजीरावाचे पुणे पाहिलेल्या या एडवर्ड यांना गणिताची ओढ होती. भास्कराचार्यांच्या बीजगणिताचे फारसी भाषांतर शाहजहानच्या काळात झाले होते. त्यावरून एडवर्ड यांनी ते इंग्रजीत आणले आणि १८१३ साली ते पुस्तक प्रसिद्ध झाले. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची नोंद आहे तेच हे भास्कराचार्य. एडवर्ड यांचे चिरंजीव सर रिचर्ड स्ट्रेची हिंदुस्थानातच अभियंता म्हणून वाढले. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाचे ते अध्यक्ष होते. रिचर्ड यांचे पुत्र ऑलिव्हर काही काळ ईस्ट इंडियन रेल्वेत होते. पुढे दोन्ही महायुद्धांत त्यांनी शत्रूचे गुप्त संदेश उकलण्याचे काम केले. ऑलिव्हर यांचा मुलगा तो ख्रिस्तोफर. म्हणजे बीजगणित भाषांतरित करणाऱ्या एडवर्ड यांचा पणतू.

ख्रिस्तोफर यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९१६ रोजी लंडनमध्ये झाला. आई रे स्ट्रेची या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या आघाडीच्या कार्यकर्त्या आणि त्या चळवळीच्या इतिहासकार. काका लिटन स्ट्रेची हे नामांकित चरित्रकार, तर दुसरे काका जेम्स हे फ्रॉइडचे इंग्रजी भाषांतरकार. घरात पुस्तके, वादविवाद, कोडी आणि खेळ यांची रेलचेल. अशा घरात वाढलेल्या मुलाकडून जगाच्या अपेक्षा मोठ्या असतात, आणि नेमक्या त्याच ख्रिस्तोफर यांना पेलल्या नाहीत. १९३५ मध्ये ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. ॲलन टुरिंग हे त्याच कॉलेजातले. गणितापासून सुरुवात करून ते भौतिकशास्त्राकडे वळले. तिसऱ्या वर्षी मन इतके खचले की अभ्यास थांबवावा लागला. अखेर पदवी मिळाली ती मध्यम श्रेणीची. संशोधनाचा रस्ता त्या गुणांवर बंद झाला.

युद्धाच्या काळात त्यांनी एका टेलिफोन कंपनीत रडारसाठी लागणाऱ्या निर्वात नळ्यांची गणिते केली. ती करताना गणकयंत्रांची पहिली ओळख झाली. युद्ध संपल्यावर ते शाळामास्तर झाले. आधी कँटरबरीच्या एका शाळेत आणि १९४९ पासून हॅरो या नामांकित शाळेत. मुलांना ते आवडत. शाळेत गणित आणि विज्ञान, संध्याकाळी संगीत आणि कोडी, असे आयुष्य ठीक चालले होते. वय चौतीस झाले होते. घराण्याच्या मानाने हा मुलगा मागे पडला, असे कुणी म्हटले असते तर त्यात काही वावगे वाटले नसते.

जानेवारी १९५१ मध्ये एका मित्राच्या ओळखीने ते लंडनजवळच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत गेले. तिथे पायलट एस नावाचा संगणक चालू होता. टुरिंग यांच्या आराखड्यावरून तो बांधलेला होता. तो पाहण्यात त्यांचा एक दिवस गेला. त्या काळी संगणक म्हणजे मोठमोठी समीकरणे सोडवणारे यंत्र. स्ट्रेची यांनी मात्र घरी परतून त्याला ड्राफ्ट्स खेळायला शिकवायचे ठरवले.

ड्राफ्ट्स हा बुद्धिबळाच्याच पटावरचा खेळ. सोंगट्या तिरक्या चालतात आणि समोरच्या सोंगटीवरून उडी मारून ती मारतात. चौसष्टांपैकी फक्त काळी घरे वापरात येतात, म्हणजे बत्तीस. आणि पायलट एसच्या स्मृतीतला एक शब्द नेमका बत्तीस अंकांचा होता. स्ट्रेची यांनी पट तीन शब्दांत मांडला. एका शब्दात काळ्या सोंगट्या कुठे आहेत ते, दुसऱ्यात पांढऱ्या कुठे आहेत ते, आणि तिसऱ्यात त्यांतल्या राजा झालेल्या कोणत्या ते. घर भरलेले असेल तर एक, रिकामे असेल तर शून्य. सोंगटी हलवणे म्हणजे या शून्य-एकांना ठरावीक अंतराने सरकवणे. संपूर्ण पट तीन आकड्यांत मावला! यंत्र समोर नसताना, शाळेतल्या मास्तराने फावल्या वेळात कागदावर केलेली ही मांडणी आहे. साधन कोणते, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. खेळाला लक्षात काय ठेवावे लागते, हा प्रश्न होता.

३० जुलै १९५१ रोजी ही आज्ञावली पायलट एसवर प्रथम चढवली, पण ती चालली नाही. चुका होत्या, आणि यंत्राची स्मृतीही अपुरी होती. तिथे पाऱ्याने भरलेल्या नळ्यांतून ध्वनिलहरी फिरत ठेवून आकडे साठवत असत. जागा मोजकीच.

मँचेस्टर विद्यापीठात फेरांटी कंपनीचा नवा संगणक आल्याचे त्यांना कळले होते. त्याची स्मृती पुष्कळ मोठी होती. टुरिंग आता तिथेच होते. स्ट्रेची यांनी जुन्या ओळखीवर त्यांच्याकडून यंत्राची माहितीपुस्तिका मागवली. ती टुरिंग यांनीच लिहिलेली, आणि समजायला अवघड म्हणून प्रसिद्ध. त्या यंत्राशी बोलायचे तर पाच-पाच अंकांच्या गटांसाठी दूरमुद्रकाची बत्तीस चिन्हे पाठ असावी लागत. त्यातही आकडे उलट्या क्रमाने, म्हणजे एककाकडून सुरुवात करून लिहायचे. स्ट्रेची यांनी हे सारे शिकून घेतले. आपल्या खेळाची आज्ञावली ऑक्टोबरच्या सुमारास त्यांनी नव्या यंत्राच्या लिपीत उतरवली. साधन बदलले, पण तीन शब्दांतला पट तोच राहिला.

दरम्यान मँचेस्टरमध्ये एक प्रसंग घडला. टुरिंग यांनी पाहुण्या मास्तरांना एक अवघड काम सुचवले होते. यंत्राने स्वतःचीच नक्कल करून दुसरी आज्ञावली पायरीपायरीने तपासावी, अशी आज्ञावली लिहायची. स्ट्रेची काही काळाने सुमारे हजार आज्ञांचा गठ्ठा घेऊन परत आले. इतकी लांब आज्ञावली त्या यंत्राने पाहिलेली नव्हती. नवशिक्याच्या चुका काढण्यात आठवडे जातील, अशी जाणकारांची अटकळ. स्ट्रेची रात्रभर यंत्रापाशी एकटे बसले. सकाळपर्यंत ती बहुतांशी सुरळीत चालली होती, आणि शेवटी यंत्राच्या भोंग्यातून ब्रिटिश राष्ट्रगीताची धून वाजली. काम संपल्याची खूण म्हणून त्यांनी ती आज्ञावलीच्या शेपटीला जोडून दिली होती. मँचेस्टरच्या यंत्राने वाजवलेल्या सुरांचे त्याच वर्षी बीबीसीने केलेले ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. शाळामास्तरांची कीर्ती एका रात्रीत संगणकाच्या त्या चिमुकल्या जगात पसरली.

१९५२ च्या उन्हाळ्यापर्यंत ड्राफ्ट्सचा संपूर्ण डाव यंत्र बऱ्यापैकी वेगाने खेळू लागले. पट एका पडद्यावर ठिपक्यांनी दिसे आणि चाली दूरमुद्रकावर उमटत. पुढच्या काही खेळ्यांचा अंदाज घेऊन, कोणत्या चालीत आपल्या सोंगट्या वाचतात हे पाहून यंत्र निवड करी. त्याला स्ट्रेची यांनी थोडा स्वभावही दिला होता. समोरचा माणूस उगाच वेळ काढू लागला, किंवा नाणेफेकीचा कौल नीट सांगेना, की यंत्र चिडके संदेश छापी आणि अखेर खेळायचे नाकारी. गंमत म्हणून केलेली ही सोय, पण तिच्यामागे पक्का विचार होता. खेळात समोरचा माणूस चुकणार, थांबणार, मधेच उठून जाणार, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने आधी धरून चालावे लागते. फोनवर खेळ आणू पाहणाऱ्या आजच्या मुलांना सर्वांत जास्त छळतो तो हाच भाग. त्याच वर्षी त्यांनी यंत्राकडून प्रेमपत्रेही लिहून घेतली. शब्दांच्या याद्या आणि नशिबाने निघणारे आकडे यांच्या जोरावर यंत्र आळवणीची पत्रे छापी आणि खाली स्वतःची सही करी. आज लेखन करणाऱ्या यंत्रांची एवढी चर्चा चालते, तिच्यात या पत्रांची आठवण फारशी कुणी काढत नाही.

जून १९५२ मध्ये शाळा सुटली. राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळाने त्यांना संगणकतज्ज्ञ म्हणून नेमले. पुढची सात वर्षे धावपळीची होती. कॅनडात टोरोंटोला जाऊन त्यांनी सेंट लॉरेन्स नदीच्या जलमार्गाची गणिते संगणकावर बसवली. १९५६ साली आलेल्या फेरांटी पेगॅसस या संगणकाची तार्किक रचना त्यांची. यंत्र बांधणाऱ्याच्या सोयीपेक्षा आज्ञावली लिहिणाऱ्याची सोय त्यांनी पुढे ठेवली, म्हणून पेगॅससवर काम करणारे लोक त्यांना दुवा देत. इकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक याच दशकात आकार घेत होता आणि १९६० मध्ये तो कामाला लागला. जगभर तेव्हा यंत्रे मूठभर आणि माणसे त्यांच्यापुढे रांगेत, अशी स्थिती होती.

ती रांगच स्ट्रेची यांना खुपत होती. यंत्र लाखमोलाचे. माणूस विचार करीत बसला, किंवा कागदपट्टी सरकायला उशीर लागला, की ते नुसते थांबून राही. जून १९५९ मध्ये पॅरिस येथे युनेस्कोने भरवलेल्या परिषदेत त्यांनी एक निबंध वाचला. वेगवान यंत्राने आपला वेळ तुकड्यांत वाटावा. एका कामात खंड पडला की दुसरे काम हाती घ्यावे, आणि त्याच वेळी एखाद्या माणसाला यंत्रासमोर बसून स्वतःच्या चुका दुरुस्त करता याव्यात, असा त्याचा आशय होता. अमेरिकेत जॉन मॅकार्थी त्याच सुमारास आणखी पुढची कल्पना मांडत होते. त्यांच्या कल्पनेत अनेक माणसे अनेक टंकयंत्रांवर बसलेली आणि यंत्र मात्र एकच. दोन वाटा वेगळ्या, पण जाऊन मिळाल्या एकाच ठिकाणी. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत तशी व्यवस्था चालून दाखवण्यात आली. एका यंत्रात एकाच वेळी अनेक माणसे बसू शकतात, हे एकदा जमले की त्यांनी तिथे एकत्र खेळ मांडावा, हे ओघानेच आले.

त्यानंतर स्ट्रेची यांनी नोकरी सोडली आणि घरूनच सल्लागाराचा व्यवसाय सुरू केला. मदतीला पीटर लँडिन नावाचा तरुण गणिती ठेवला. सल्ल्याच्या पैशांतून मालकाने मदतनिसाला पगार द्यावा, आणि मदतनिसाने आज्ञावलीच्या भाषा म्हणजे गणिताच्या दृष्टीने नेमके काय, याचा विचार करावा, असा हा अजब कारखाना होता. तिथून स्ट्रेची यांचे आयुष्य एका प्रश्नाला जुंपले गेले. यंत्राचे आकडे उलटे लिहिण्याची शिक्षा भोगलेल्या माणसाला आता अशी भाषा हवी होती, जिच्यात विचार जसा मनात येतो तसाच लिहिता येईल आणि तरीही यंत्राचे सारे सामर्थ्य हाताशी राहील.

१९६२ मध्ये केंब्रिजच्या गणित प्रयोगशाळेने त्यांना बोलावले. केंब्रिज आणि लंडन ही दोन विद्यापीठे मिळून नव्या संगणकांसाठी एक भाषा घडवणार होती. तिचे नाव सीपीएल. पहिले अक्षर ‘क’चे, त्याचा अर्थ आधी केंब्रिज असा होता, मग संयुक्त असा झाला, आणि सहकारी मात्र थट्टेने ते अक्षर ख्रिस्तोफरचे आहे म्हणत. थट्टेत तथ्य होते. १९६३ मध्ये तिचा आराखडा प्रसिद्ध झाला. शास्त्रीय गणिते, शब्दांची जुळवाजुळव, यंत्राच्या पोटातली कामे, सगळे एकाच भाषेत व्हावे अशी आकांक्षा त्यात होती.

आणि इथेच गाडे अडले. ती भाषा यंत्राच्या आकड्यांत उतरवणारा कंपायलर लिहायचा होता. काम वाढत गेले. एक कल्पना कागदावर उतरली की तिच्यातून अधिक नेटकी कल्पना सुचे, आणि आधीची मोडावी लागे. स्ट्रेची यांना ओबडधोबड काही सोसत नसे. संगणक तयार झाला, लोक कामाला लागले, भाषा मात्र येतच राहिली. १९६५ मध्ये स्ट्रेची यांनी केंब्रिज सोडले. सीपीएल आपल्या पूर्ण रूपात कधीच रुळली नाही. जे काही तयार झाले ते उशिरा आणि अर्धेमुर्धे. सोंगट्यांचा पट तीन शब्दांत बसवणारा माणूस स्वतःच्या भाषेला मात्र कुंपण घालू शकला नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. सीपीएलच्या कामातून तयार झालेला मार्टिन रिचर्ड्स नावाचा तरुण संशोधक एमआयटीत गेला. एवढ्या मोठ्या भाषेचा कंपायलर लिहिणे अवघड, तर जेवढे त्यासाठी लागते तेवढेच ठेवावे, असा त्याने विचार केला. संख्या, अक्षरे, खरे-खोटे असे मूल्यांचे निरनिराळे प्रकार त्याने काढून टाकले. सगळ्याला एकच माप, यंत्राचा एक शब्द. या काटछाट केलेल्या भाषेचे नाव बीसीपीएल. १९६७ मध्ये ती चालू लागली, आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायला इतकी सोपी होती की ती झपाट्याने पसरली. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन यांनी तिच्यावरून आणखी लहान अशी बी ही भाषा केली, आणि डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बीवरून सी. पुढे केंब्रिजमध्ये बीसीपीएलचा अनुभव घेतलेले ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी सीवरून सी प्लस प्लस घडवली. गिरडच्या वहीतली यादी आता पुन्हा पाहा. गोडोचे इंजिन सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले आहे, आणि युनिटीच्या इंजिनाचा गाभाही. पायथनचा नेहमीचा दुभाषा सीमध्ये. जावास्क्रिप्ट चालवणारे क्रोमचे यंत्र सी प्लस प्लसमध्ये. त्या यादीत कशावरही बोट ठेवले तरी खाली खोलवर सीपीएलचे वंशजच निघतात.

१९६६ मध्ये स्ट्रेची ऑक्सफर्डला गेले आणि आज्ञावलीशास्त्राचा एक लहानसा संशोधन गट त्यांनी उभा केला. पुढच्या वर्षी कोपनहेगनच्या उन्हाळी वर्गात त्यांनी आज्ञावलीच्या भाषांच्या मूळ कल्पनांवर व्याख्याने दिली. त्यांची टिपणे हातोहात फिरली. आज संगणकशास्त्राचे विद्यार्थी परीक्षेसाठी ज्या अनेक संज्ञा पाठ करतात त्या तिथे रुळल्या. छापील रूपात मात्र ती टिपणे आली २००० साली, तेहेतीस वर्षांनी. त्यांना लिहून हातावेगळे करणे जड जाई. अजून नीट करू, हा ध्यास पाठ सोडीत नसे. १९६९ मध्ये डॅना स्कॉट हे तर्कशास्त्रज्ञ ऑक्सफर्डला आले, आणि दोघांनी मिळून आज्ञावलीच्या अर्थाला गणिताचा पाया दिला. १९७१ मध्ये ऑक्सफर्डने त्यांना प्राध्यापकपद दिले. मध्यम श्रेणीची पदवी, डॉक्टरेट नाही, वयाच्या पस्तिशीपर्यंत शाळामास्तर, अशा माणसाला मिळालेला हा मान होता.

त्यांचा अखेरचा मोठा प्रयत्न तरुण सहकारी रॉबर्ट मिल्न यांच्याबरोबरचा. केंब्रिजच्या ॲडम्स पारितोषिकासाठी दोघांनी एक प्रदीर्घ निबंध सिद्ध केला. पारितोषिक मिळाले नाही. निबंधाचे ग्रंथात रूपांतर चालू असताना स्ट्रेची काविळीने आजारी पडले. बरे होताहेत असे वाटत असतानाच दुखणे उलटले आणि १८ मे १९७५ रोजी, अठ्ठावन्नाव्या वर्षी ते गेले. ग्रंथ मिल्न यांनी पुरा केला आणि तो पुढच्या वर्षी निघाला.

त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठातल्या रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने एक खेळ लिहायला घेतला. अमेरिकेत प्लेटो या शिक्षणयंत्रणेवर अनेकांनी एकत्र खेळायचे खेळ त्याआधीच झाले होते. एसेक्सचा खेळ शब्दांचा होता. अनेक जण आपापल्या टंकयंत्रावरून एकाच काल्पनिक प्रदेशात शिरत, एकमेकांना भेटत, बोलत, लढत. नाव मड. तो चालत होता वेळ वाटून देणाऱ्या एका मोठ्या संगणकावर. पहिली आवृत्ती यंत्राच्या आकड्यांना जवळ असलेल्या भाषेत होती. खेळ वाढला तशी ती आवरेना. म्हणून १९८० पर्यंत तो नव्याने लिहिला गेला, बीसीपीएलमध्ये. ट्रबशॉ यांचे सहाध्यायी रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे वाढवून पूर्णत्वाला नेला, आणि बाहेरगावचे लोक दूरसंचार जाळ्यावरून त्यात येऊन खेळू लागले. आजच्या जाळ्यावरच्या अनेकांच्या खेळांची वंशावळ बहुतेक अभ्यासक मडपर्यंत नेऊन भिडवतात. अनेकांनी एका यंत्रात बसायची सोय आणि खेळ लिहायची भाषा, दोन्हींच्या मुळाशी ड्राफ्ट्सवाले मास्तर आहेत. त्यांनी तो खेळ पाहिला नाही.

या आयुष्यातून उत्तर काय निघते? साधनाचे मोल नाही, असे तर म्हणता येत नाही. पायलट एसची स्मृती तोकडी पडली नसती तर मँचेस्टरची वाट धरावी लागली नसती, आणि मडही पहिल्या भाषेतच गुदमरला असता. पण दोन्ही वेळा साधनाची उणीव कळली ती काम चालू केल्यावर. आणि दोन्ही वेळा बदलता आले, कारण खेळ नेमका काय आहे हे स्वच्छ मांडलेले होते. साधने येतात आणि जातात. फ्लॅश या साधनावर जगभर हजारो खेळ उभे राहिले आणि २०२० च्या अखेरीस त्याचा आधारच काढून घेण्यात आला. ज्यांचे नियम वेगळे लिहिलेले होते त्यांनी खेळ दुसरीकडे नेले. ज्यांचे सारे फ्लॅशच्याच पोटात होते त्यांचे पुष्कळ काही गेले. दुसरी गोष्ट स्ट्रेची यांच्या दुःखातून कळते. सर्व काही सामावणारी, निर्दोष भाषा त्यांच्या हातून पुरी झाली नाही. जगाला उपयोगी पडली ती विद्यार्थ्याने हात आखडता घेऊन केलेली लहान भाषा. पण मोठी भाषा आधी कल्पिली गेली नसती तर छाटायला काही उरलेच नसते, हेही तितकेच खरे. मोठी कल्पना करणारा आणि ती कापून चालती करणारा अशी दोन माणसे तिथे होती. एकट्याने काम करणाऱ्याला दोन्ही भूमिका स्वतःच कराव्या लागतात.

गिरडच्या मुलाला मी पुढे एक पत्र लिहिले. साधनाचे नाव त्यात नव्हते. अष्टचंगाच्या पटाला काय काय लक्षात ठेवावे लागते ते आधी कागदावर लिही, एवढेच सुचवले. पंचवीस घरांपैकी सोंगट्या कुठे, पाळी कोणाची, चिंचोके काय पडले, चार किंवा आठ पडल्यावर पुन्हा टाकायचे का, कोणत्या घरात सोंगटी मारता येत नाही. हा पट एकाच ठिकाणी, सर्व्हरवर असू दे, आणि फोनांनी तो फक्त दाखवावा. चिंचोकेही तिथेच पडावेत. ते खेळाडूच्या फोनवर पडू लागले तर हैदराबादच्या मामांना दर वेळी आठच पडतील. कुणाचा फोन बंद पडला तर पाळी किती वेळ थांबवायची, हेही आताच ठरव. एवढे झाल्यावर जी भाषा तुला आज येते तिच्यात दोनच माणसांचा डाव पुरा कर.

त्याचे उत्तर दिवाळीच्या आधी आले. नियम लिहायला बसल्यावर त्याला कळले की आजीचे नियम आणि शेजारच्या बाईंचे नियम एक नाहीत. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही, हे आजी मानते, शेजारीण मानत नाही. दोघी चाळीस वर्षे एकमेकींशी खेळताहेत आणि दर डावाच्या आधी तंटा करून मगच बसतात. यंत्राला असा तंटा चालत नाही. म्हणून सध्या त्याने डाव सुरू होण्याआधी तेवढा एक प्रश्न विचारायची सोय केली आहे. खेळ अजून दोघांचाच आहे, पट साधा आहे, सोंगट्या म्हणजे नुसते रंगीत ठिपके. साधन कोणते वापरले, ते लिहायला तो विसरला होता.